रिव्हेट नट: विमानाच्या पंखातून गाडीच्या फ्रेममध्ये

गाडीच्या फ्रेमचा बराचसा भाग म्हणजे पत्र्याची बंद पेटी. बाहेरून भोक पाडता येते, पण मागे नट धरायला बोटही शिरत नाही. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा. त्यातच टॅप मारला, म्हणजे पत्र्यालाच आटे पाडले, तर एम६ चे (६ मिमी जाडीच्या बोल्टचे, दोन आट्यांत १ मिमी अंतर असलेले) जेमतेम दीड-दोन आटे मिळतात आणि बोल्ट नीट आवळला की ते जातात. ही अडचण आधी विमानवाल्यांना आली आणि तिच्यावरचा तोडगा, म्हणजे रिव्हेट नट, एका टायर कंपनीने काढला.

१९३० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रनची बी. एफ. गुडरिच ही टायर कंपनी विमानांसाठी रबरी डी-आयसर बनवत होती. पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेल्या या रबरी आवरणातल्या नळ्या हवेने फुगल्या की वर साठलेला बर्फ तडकून उडून जाई. रबर कधीतरी बदलावे लागणारच, म्हणून ते स्क्रूने बसवणे भाग होते. पंखाचा पत्रा मात्र पातळ ॲल्युमिनियमचा, आणि आतून हात पोहोचत नव्हता. गुडरिचने यासाठी रिव्हनट आणला. पुढे हे व्यापारी नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या अशा नटाला लोक रिव्हनटच म्हणू लागले.

रचना साधी आहे. एक नळी, तिच्या तोंडाशी रुंद कॉलर, आणि आटे फक्त तळाकडच्या अर्ध्या भागात. कॉलर आणि आटे यांच्यामधली भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते. आट्यांना धरून नळी वर ओढली की ती पातळ भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, दुमडते आणि पत्रा कॉलर व दुमड यांच्यात आवळला जातो. आटे असलेला भाग जाड असल्यामुळे शाबूत राहतो. विमानातल्या रिव्हनटला ६०५३ जातीचे मऊसर ॲल्युमिनियम वापरत. गाड्यांसाठी आज सौम्य पोलादाचे झिंक चढवलेले नट जास्त चालतात.

ते बसवायचे मूळ अवजार म्हणजे आटे असलेला दांडा, दाबायची मूठ आणि दांडा फिरवायला छोटा क्रँक. मूठ दाबायची, क्रँक उजवीकडे फिरवून आलेली ढिलाई घ्यायची, पुन्हा दाबायची. हाताला ठाम अडथळा लागला की थांबायचे. म्हणजे ओढण्याचे काम मुठीचे आणि फिरवणे फक्त ढिलाईपुरते. असे अवजार नसताना नट बसवायच्या, पुढे दिलेल्या पद्धतीची सगळी मेख याच विभागणीत आहे, कारण रिव्हेट नटाला ओढ हवी असते, पीळ नको असतो. पीळ बसला की तो भोकात गरगरतो.

गुडरिचलाही हे माहीत होते. त्यांच्या रिव्हनटात एक प्रकार कॉलरखाली बारीक खुंटी असलेला होता आणि भोकाच्या कडेला तिच्यासाठी खाच पाडण्याचे वेगळे अवजार मिळे. जिथे नंतर बोल्ट आवळायचा, तिथे खुंटीवाला. नुसता रिव्हेट म्हणून, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडायला वापरायचा तर बिनखुंटीचा. आजच्या नटांवर खुंटीची जागा अंगावरच्या उभ्या रेघांनी किंवा षटकोनी अंगाने घेतली आहे. षटकोनी नट पिळाला सर्वांत कमी दाद देतो, पण त्याला षटकोनी भोक लागते आणि ते ड्रिलने पडत नाही. कानशीने सहा कोपरे काढत बसावे लागते. घरच्या कामाला रेघांचा नट पुरतो, भोक मात्र अचूक हवे.

गाड्यांकडे हा नट वळला तो बॉडीची बांधणी बदलल्यावर. जुन्या गाड्यांची चेसिस उघड्या सी-आकाराच्या पट्ट्यांची असे, बोल्टच्या मागे पाना सहज जाई. १९२२ ची लान्चिया लॅम्डा, मग १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्सिओं आवां अशा गाड्यांनी वेगळी चेसिस सोडून बॉडीलाच भार उचलायला लावले, आणि पत्र्याच्या वेल्ड केलेल्या बंद पेट्या हळूहळू सर्वसाधारण झाल्या. कारखान्याला त्याचा त्रास नाही, पेटी बंद करण्याआधी आतून नट वेल्ड करून टाकता येतो. नंतर ब्रॅकेट, स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) किंवा दिव्याची पट्टी लावणाऱ्याला ती सोय राहत नाही. सायकलच्या फ्रेमवर बाटलीचा पिंजरा धरणारे एम५ चे आटेही बहुधा असेच नट असतात.

रिव्हेट नट बसवायची खास गन नसेल तर बोल्ट, नट आणि दोन पान्यांवर भागते. एम६ साठी १२.९ दर्जाचा, ४० ते ५० मिमी लांबीचा, डोक्यापर्यंत आटे असलेला ॲलन बोल्ट घ्यावा. साध्या मऊ बोल्टचे आटे दोन-चार नटांतच ताणले जातात. बोल्टवर आधी साधा नट चढवायचा, मग ग्रीस लावलेले दोन वॉशर, मग ४-५ मिमी जाडीची, ६.५ मिमी भोकाची पोलादी पट्टी आणि शेवटी रिव्हेट नट. बोल्टचे टोक रिव्हेट नटाच्या खालून एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजे. ते आत राहिले तर सगळी ओढ मोजक्या आट्यांवर येते आणि ते निघून येतात.

भोक एम४ ला ६, एम५ ला ७, एम६ ला ९ आणि एम८ ला ११ मिमी असे साधारणपणे असते. एम१० ला बनावटीप्रमाणे फरक पडतो, तेव्हा पाकिटावरचा आकडा पाळावा. सेंटर पंच मारून आधी ३ मिमीचे भोक पाडावे आणि मग वाढवत जावे. पातळ पत्र्यात साधे मोठे ड्रिल शेवटी अडकून भोक तिकोनी करते. पायऱ्यांचे ड्रिल गोल ठेवते. दोन्ही बाजूंचा बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर, काढायला हवा, पण आतल्या बाजूचा सहज निघत नाही, म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर अगदी हलक्या हाताने काढावा. नट अंगठ्याने दाबून आत जावा आणि डुगडुगू नये. सैल बसला तर पाने हातात घेण्याआधीच दुसरी जागा शोधलेली बरी.

आता रिव्हेट नट भोकात घालून ॲलन की बोल्टच्या डोक्यात घट्ट धरायची, पट्टी व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरायची आणि साधा नट पान्याने उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा. नट पट्टीवर दाब देतो, बोल्ट सरळ वर ओढला जातो. बोल्ट फिरवायचा मोह टाळावा, कारण तो फिरला की त्याचा पीळ थेट रिव्हेट नटाच्या आट्यांत जातो. नटाच्या एका पूर्ण फेरीला एम६ वर १ मिमी, एम८ वर १.२५ मिमी, एम१० वर १.५ मिमी ओढ मिळते. सुरुवातीला पाना हलका फिरतो, मग भिंत दुमडताना एकसारखा जडपणा येतो आणि एका क्षणी तो अचानक ताठ होतो. क्रँकवाल्या जुन्या अवजारात हाताला लागणारा ठाम अडथळा तो हाच. इथून पुढची अर्धी फेरीसुद्धा आटे खाऊन टाकते. थांबल्यावर साधा नट अर्धी फेरी उलटा फिरवून ताण सोडावा आणि मगच बोल्ट काढावा. ताणाखाली बोल्ट काढायला गेले की नुकताच बसलेला रिव्हेट नट त्याच्याबरोबर फिरतो.

पत्र्याची जाडी आणि रिव्हेट नटाची पकड (तो किती जाडीचा पत्रा आवळू शकतो ते माप) जुळणेही तितकेच महत्त्वाचे. एम६ च्या आखूड नटाची पकड बहुधा ०.५ ते ३ मिमी असते. दोन पत्रे एकावर एक आलेल्या जागी जाडी त्याच्या वर गेली, तर दुमडायला भिंतच उरत नाही. पाना लगेच ताठ होतो आणि नट बसल्यासारखा वाटून पहिल्याच भाराला निघतो. लांब नट पातळ पत्र्यात घातला तर उलट, दुमड पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही.

ॲल्युमिनियमचा नट पोलादी फ्रेममध्ये घालू नये. मीठ-पाणी लागले की दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम झिजते. स्टेनलेस नटाने उलटे होते, फ्रेमचा पत्रा खाल्ला जातो. भोकाच्या उघड्या कडेला झिंकयुक्त प्रायमर लावून तो वाळल्यावरच नट बसवावा आणि शेवटी पेटीत मेण फवारावे. आत पडलेला ड्रिलचा चुरा चुंबकाने काढला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. ड्रिल करण्याआधी पत्र्यामागून ब्रेकची नळी, इंधनाची नळी किंवा वायरिंग जात नाही ना, हे पाहावे. सीट, सीटबेल्ट, स्टीअरिंग, सस्पेन्शन यांचे बोल्ट या नटावर टाकू नयेत.

गरगरणारा नट काढताना मोठे ड्रिल नुसते लावून उपयोग नाही, ड्रिलबरोबर तोही फिरतो. कॉलरच्या कडेला अरुंद छिन्नी दाबून किंवा व्हाइस ग्रिपने कॉलर धरून, भोकाच्याच मापाचे ड्रिल लावावे. कॉलर सुटते आणि उरलेली नळी पेटीत पडते. ती बाहेर काढायला वाट नसेल तर जवळच्या भोकातून थोडे मेण सोडून ठेवावे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ती खडखडत राहते.