केबल जळते माळावर, ठरते कारखान्यात

एक किलो जुन्या केबलचे आवरण घ्या. तांबे नको, नुसते वरचे प्लास्टिक. आपल्याकडच्या बहुतेक वायरींसारखे ते पीव्हीसीचे असेल, तर त्यात मूळ पीव्हीसी साधारण निम्मे असते. उरलेला भाग म्हणजे वायर वाकावी म्हणून घातलेले तेलकट थॅलेट, माल स्वस्त पडावा म्हणून मिसळलेली खडूची पूड आणि आवरण उष्णतेने कुजू नये म्हणून टाकलेला स्थिरकारक. हा स्थिरकारक पुष्कळदा शिशाचा क्षार असतो.

पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतो. म्हणजे त्या किलोभर आवरणात जवळपास ३०० ग्रॅम. आवरण २५० अंश सेल्सियसच्या आसपास तापले, की हा क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडू लागतो. सगळा सुटला तर त्याने २०० लिटरचे एक पिंप भरेल. खडू त्यातला थोडा धरून ठेवतो, बाकीचा हवेत जातो. नाकातल्या, डोळ्यांतल्या ओलीत तो विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली उघडल्यावर नाकात जी कळ जाते, ती याचीच. सोलापूरच्या कडेला एखाद्या माळावर संध्याकाळी वायरींचा ढीग पेटतो, तेव्हा वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांचा घसा खवखवतो, त्याचे कारण हेच.

तरीही हायड्रोजन क्लोराइड हा त्यातल्या त्यात बरा. तो असल्याचे कळते, माणूस खोकत बाजूला तरी होतो. कळत नाहीत ती डायॉक्सिने, म्हणजे शरीरात साठत जाणारी अतिविषारी संयुगे.

डायॉक्सिन कोणी मुद्दाम बनवत नाही. कार्बन, क्लोरीन आणि ऑक्सिजन २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान काही क्षण एकत्र राहिले, आणि जवळ तांबे असले, की ते आपोआप तयार होते. तांबे इथे उत्प्रेरक असते. स्वतः न संपता ते काजळीच्या कणांवर क्लोरीन चिकटवत राहते. डायॉक्सिन तयार करायला प्रयोगशाळेत यापेक्षा सोयीचे साहित्य मांडता येणार नाही, इतकी केबलची होळी त्याला अनुकूल असते. आवरणात क्लोरीन, आत तांबे, भरपूर काजळी, आणि धूर वर जाताना हळूहळू निवत नेमक्या त्याच तापमानातून जाणारा. बंदिस्त भट्टीत ८५० अंशांवर वायू किमान दोन सेकंद ठेवतात आणि मग झटकन थंड करतात, ते हा मधला टप्पा चुकवण्यासाठीच. उघड्यावर यातले काहीच जमत नाही. रॉकेल किंवा जास्त टायर टाकून आग मोठी केली म्हणजे विष जळून जाते, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. आग मोठी झाली तरी धुराला त्याच पट्ट्यातून खाली यावे लागते.

प्रमाण किती? अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवलेली सह्य मात्रा आहे महिन्याला शरीराच्या दर किलोमागे ७० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. शरीरात गेलेले डायॉक्सिन निम्मे व्हायला ७ ते ११ वर्षे लागतात. आणि ते श्वासापेक्षा ताटातूनच जास्त येते. राख गवतावर बसते, शेळी-म्हैस ते खाते, विष चरबीत साठते आणि दुधात उतरते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या माती टोचून खातात, म्हणून जळिताच्या जागेजवळची गावरान अंडी हा प्रदूषणाचा सगळ्यात बोलका नमुना समजला जातो. गावरान म्हणून दोन रुपये जास्त देऊन घेतलेल्या अंड्याबद्दल हे लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

आता प्रश्न असा, की दोष कोणाचा? बोट साहजिकच काडी लावणाऱ्याकडे जाते. पर्यावरण कार्यकर्त्यांनी मात्र वीसेक वर्षांपूर्वी मोर्चा भलत्याच दिशेला वळवला. तो गेला संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या दारात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर पत्त्यावर गेला.

ग्रीनपीस या संघटनेने ऑगस्ट २००६ मध्ये १४ मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना दहापैकी गुण देणारी यादी प्रसिद्ध केली. डेल आणि नोकिया वर होत्या, ॲपलला २.७ गुण मिळाले. देखण्या वस्तूंसाठी नावाजलेल्या कंपनीला हे झोंबले. मागणी सोपी होती: पीव्हीसी आणि ब्रोमीनयुक्त अग्निरोधके वापरायचे थांबवा, जुना माल परत घ्या. २ मे २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून दोन्ही पदार्थ २००८ अखेर काढून टाकण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रीनपीसने नवा आयफोन उघडून १८ भाग तपासले, तर निम्म्यांत ब्रोमीन निघाले आणि इअरफोनच्या पीव्हीसी वायरीत थॅलेट. जुलै २००९ मध्ये पालो अल्टो इथल्या एचपीच्या मुख्यालयाच्या छतावर कार्यकर्त्यांनी ‘घातक उत्पादने’ अशा अर्थाची अक्षरे रंगवली, तीही लहान मुलांच्या बोटरंगाने, म्हणजे निषेधाचे विष मागे राहू नये. आपल्याकडे बंगळुरूत विप्रोच्या दारात २००५ मध्येच संगणकांचा कचरा नेऊन टाकला गेला होता. २०१० मध्ये त्या कंपनीने पीव्हीसी आणि ब्रोमीनविरहित संगणक बाजारात आणले.

या मागण्यांतली खरी गोम लक्षात घ्यायला हवी. १ जुलै २००६ पासून युरोपात लागू झालेल्या निर्बंधांत शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांच्या दोन जुन्या कुळांना ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१ टक्का अशी मर्यादा होती. पीव्हीसी त्यात नव्हतेच. सर्किट बोर्डात सर्रास वापरले जाणारे टीबीबीपीए हे ब्रोमीनचे संयुगही नव्हते. म्हणजे कंपन्या कायदा मोडत नव्हत्या. कायदा कचऱ्याचाच विचार करून केलेला होता, पण त्याची यादी सहा पदार्थांपुरती होती; कार्यकर्ते ती वस्तू उघड्यावर जळते त्या दिवसाकडे पाहत होते.

ब्रोमीनचा मामला थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे. आग पसरते ती ज्वाळेतल्या हायड्रोजनच्या आणि हायड्रॉक्सिलच्या अतिक्रियाशील तुकड्यांमुळे. प्लास्टिक तापले की ब्रोमीन सुटतो, हे तुकडे पकडतो आणि साखळी तोडतो. थोडक्या मात्रेत तो उत्तम काम करतो, म्हणूनच उत्पादकांचा लाडका. हिरव्या बोर्डाच्या इपॉक्सी रेझिनमध्ये १८ ते २० टक्के ब्रोमीन असतो, पण तो रेझिनशी रासायनिक बंधाने जोडलेला. वापरात असताना तो फारसा बाहेर येत नाही. जुन्या टीव्हीच्या काळ्या डब्यांतला मात्र नुसता मिसळलेला असतो, तो झिरपत घरच्या धुळीत येतो. बोर्ड काय, डबा काय, जाळला की दोघांचा शेवट सारखाच, क्लोरीनऐवजी ब्रोमीनची डायॉक्सिने.

बदल करायचा तर काय घालायचे? बोर्डांत फॉस्फरसची संयुगे आली. वायरींत पॉलिओलेफिन (पॉलिथिनच्या जातीचे प्लास्टिक) किंवा रबरासारखे थर्मोप्लास्टिक घेऊन त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड भरतात. २०० अंशांच्या पुढे ते फुटते आणि आपल्या वजनाच्या ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात सोडते, आग त्याने दबते. अडचण अशी, की पुरेसा परिणाम हवा तर आवरणाच्या वजनाचा ६० टक्क्यांपर्यंत भाग ही पूड असावी लागते. इतकी पूड भरली की वायर ताठ होते, वाकवली की चिरते. चार्जरच्या केबलची मान तुटते, या तक्रारीत नव्या प्लास्टिकचा वाटा किती आणि टोकाला बसवलेल्या आखूड रबरी बाहीचा किती, यावर वाद आहेत. पण अडचण सुटणारी आहे, हे कंपन्यांनीच दाखवून दिले.

एक गोष्ट मात्र भारतीय वाचकाला बोचेल. ॲपलच्या पर्यावरण अहवालांत पीव्हीसी काढून टाकल्याच्या दाव्यापुढे वर्षानुवर्षे एक अपवाद छापून येत राहिला: भारत आणि दक्षिण कोरियातल्या वीजकॉर्ड, कारण पर्यायी आवरणाला तिथल्या सरकारांची मंजुरी मिळालेली नाही. आपल्या घरगुती वायरींचे मानक आयएस ६९४ पाहिले, तर त्याच्या शीर्षकातच पीव्हीसी आहे.

सोलापुरात हा विषय मोबाइलपुरता राहत नाही, कारण हे पावरलूमचे गाव आहे. मागाची मोटार जळली की ती रिवायंडिंगला, म्हणजे तारेचे नवे वेटोळे भरायला जाते. जुने वेटोळे वार्निशने स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत घट्ट बसलेले असते, ते सुटावे म्हणून काही जण स्टेटर सरळ पेटवतात. वार्निशाबरोबर टर्मिनलच्या पीव्हीसी वायरी, स्लीव्हही जळतात. शिवाय यात नुकसान मागवाल्याचेच. स्टेटरचा गाभा पातळ पत्र्यांचा असतो आणि प्रत्येक पत्र्यावर विद्युतरोधक थर असतो. ३७० अंशांच्या वर तापले की हा थर करपतो, पत्रे एकमेकांना भिडतात आणि गाभ्यात भोवरी प्रवाह, म्हणजे पत्र्यांतच गोल फिरून नुसती उष्णता करणारे विजेचे प्रवाह, वाढतात. मोटार पुन्हा सुरू होते, पण जास्त तापते, जास्त वीज खाते आणि लवकर परत येते. मे महिन्यात शेडमध्ये पारा ४२-४३ वर असताना तर आणखीच लवकर. बरोबर पद्धत म्हणजे तापमान नियंत्रित असलेली ओव्हन, नाहीतर वेटोळ्याचे एक टोक कापून, बेताने गरम करून दुसऱ्या बाजूने ओढून काढणे.

वायरींचे गणित निराळे. १.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीत मीटरमागे १३ ग्रॅम तांबे आणि ७ ग्रॅम आवरण असते, म्हणजे किलोत सुमारे ६५० ग्रॅम तांबे. ही वायर हाताच्या स्ट्रिपरने किंवा दोन रोलर आणि गोल पाते असलेल्या छोट्या यंत्राने आरामात सोलता येते. सोललेले तांबे चकचकीत राहते आणि जळक्या तांब्यापेक्षा चढ्या भावाने जाते. जळके तांबे काळे, ठिसूळ पडते, वर राख लागलेली. भंगारवाल्याला हे कोणी शिकवायला नको, त्याला पक्के ठाऊक असते. तरी तो जाळतो, ते बारीक वायरींसाठी. चार्जरच्या, इअरफोनच्या वायरी केसाएवढ्या तारांच्या, पाते लावले की तारही तुटते. किलोमागे तांबे पाव किलोच्या आसपास. त्या सोलायला बसले तर दिवसाची मजुरी सुटत नाही. त्यांच्यासाठी ग्रॅन्युलेटर लागतो: २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे करायचे, मग हवेच्या झोतावर किंवा हलत्या टेबलावर वेगळे करायचे. तांब्याची घनता ८.९६ आणि पीव्हीसीची १.४, त्यामुळे वेगळे होणे सोपे. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक यंत्र घेतले तर चालण्यासारखे आहे, एकट्याला ते परवडत नाही.

टीव्ही-संगणकांच्या डब्यांसाठी मिठाच्या पाण्याची जुनी युक्ती आहे. लिटरभर पाण्यात १६० ग्रॅम मीठ विरघळवले की घनता १.१० होते. एबीएस किंवा पॉलिस्टायरीन हे साधे प्लास्टिक १.०५ च्या आसपास, ते तरंगते. ब्रोमीन भरलेले १.१५ च्या वर, ते बुडते. तुकडे बोटाच्या पेराएवढे हवेत, आधी धुतलेले. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडायचे तुकडेही तरंगतात. फसगत उलटीही होते: काचतंतू किंवा टाल्क भरलेले प्लास्टिक ब्रोमीन नसताना बुडते. म्हणून तरंगले ते घ्यावे, बुडाले ते संशयित समजावे आणि नव्या मालात मिसळू नये. ही चाळणी न लावल्यामुळेच काळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांत आणि कंगव्यांत ब्रोमीन सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत.

बोर्डावरचे सुटे भाग काढायला तवा वापरला जातो. शिसे-कथलाचे जुने डाख १८३ अंशांवर वितळते, त्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही. शिसे जाते ते बोटांना लागलेल्या मळीतून, हात न धुता लावलेल्या विडीतून आणि कपड्यांवरून घरच्या लेकरांपर्यंत. धूर येतो तो फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट धरावे म्हणून लावलेल्या लेपाचा, आणि तवा फार तापला तर ब्रोमीनवाल्या रेझिनचा.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. उत्पादकाने ठरावीक वाटा नोंदणीकृत पुनर्चक्रकांमार्फत प्रक्रिया करून दाखवायचा आहे: पहिली दोन वर्षे ६० टक्के, मग दोन वर्षे ७०, त्यापुढे ८०. घातक पदार्थांच्या युरोपसारख्या मर्यादाही आहेत, पण त्या उपकरणांना. भिंतीत गाडलेली वायर त्यात धरलेली नाही. आणि घराचे रिवायरिंग झाले की भंगारात सगळ्यात जास्त पीव्हीसी तीच आणते.

तेव्हा वायरीची गुंडाळी घेताना तिच्यावरची अक्षरे वाचावीत. एफआर म्हणजे आग हळू पसरवणारे, पण पीव्हीसीच. एफआर-एलएसएच म्हणजे धूर आणि आम्लवायू कमी, तरीही पीव्हीसी. मानकाप्रमाणे त्यातून २० टक्क्यांपर्यंत आम्लवायू निघालेला चालतो. एचएफएफआर लिहिले असेल, सोबत आयएस १७०४८ हा क्रमांक असेल, तरच त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन घातलेला नाही. ती पाइपमधून ओढायला थोडी ताठ लागते, म्हणून वायरमन कुरकुर करतो. त्याला वळणे कमी ठेवायला आणि पाइप एक माप मोठा घ्यायला सांगावे.