भाव आज, बाग पाच वर्षांनी: लॅगच्या अंदाजाची पार्श्वभूमी

भावाचा परिणाम एका दमात न पडता पुढच्या काळात विखुरतो, म्हणजे तो विलंबाने (लॅगने) दिसतो, ही मांडणी 1925 मधली. 1937 मध्ये भार, म्हणजे मागच्या प्रत्येक काळाच्या परिणामाचे वजन, समान अंतराने घटवण्याची सोपी रीत आली. तेव्हा महिन्यांचा हिशेब होता. शेतीचा प्रश्न नंतर आला.

1954 मध्ये परिणाम दरवर्षी ठरावीक प्रमाणात ओसरतो असे गृहीत धरले गेले. त्यामुळे असंख्य लॅगऐवजी समीकरणात अवलंबी चलाचे (ज्याचा बदल समजून घ्यायचा त्याचे, जसे पेऱ्याचे क्षेत्र) मागच्या वर्षीचे मूल्य तेवढे उरले. मात्र याच रूपाचे समीकरण दोन वाटांनी निघते. शेतकरी भावाचा अंदाज सावकाश बदलतो, ही एक. अंदाज ठाम असतो पण पेरा सावकाश बदलतो, ही दुसरी. समजा, विदर्भाच्या कापसात मागच्या वर्षीच्या क्षेत्राचा गुणक 0.6 आला. म्हणजे दीर्घकालीन परिणाम पहिल्या वर्षाच्या अडीचपट, सरासरी विलंब दीड वर्ष. पण विलंब मनातला की कर्ज-बियाण्यांचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पहिल्या वाटेने त्रुटीपद (समीकरणाने न उलगडलेला भाग) मागच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि गुणक काढायची साधी न्यूनतम वर्ग पद्धत चुकते. कितीही वर्षांची आकडेवारी घातली तरी ती चूक जात नाही. लागोपाठच्या वर्षांच्या त्रुटी एकमेकींशी जोडलेल्या आहेत का हे पाहणारी नेहमीची डर्बिन-वॉटसन चाचणीही इथे 2 कडे, म्हणजे जोड नसल्याच्या मूल्याकडे, झुकून सारे आलबेल दाखवते. त्यावरचा उतारा 1970 मध्ये आला. हा वाद केवळ वर्गातला नाही. विलंब अंदाजाचा असेल तर पेरणीआधी हमीभाव जाहीर करून काम भागेल, पेऱ्याचा असेल तर पीककर्ज वेळेवर हवे. त्यात राज्यात 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घेण्याची योजना) आली आणि शेतकरी कोणत्या भावाकडे पाहून पेरतो, हाच प्रश्न झाला.

काटोल-नरखेडच्या संत्र्याला तर ओसरता भार लागूच पडत नाही. कलम लावल्यावर चार-पाच वर्षे पीक नाही, नंतर ते चढत जाते. 1965 च्या बहुपदी पद्धतीत (भार एका वक्रावर बसवण्याच्या) असा चढउतार बसवता येतो, तरी ती इथे मागेच राहिली.

पुढे लॅगची संख्या ठरवायला 1974 आणि 1978 मध्ये निकष आले, 1987 मध्ये सहएकात्मता (दीर्घकाळ सोबत चालणाऱ्या आकड्यांचे नाते), 2001 मध्ये असे नाते आहे का हे तपासणारी सीमा-चाचणी. आज नागपुरातल्या प्रबंधांतही हेच चालते: वार्षिक आकडे तीस-पस्तीस, दर लॅगला एक निरीक्षण हातचे जाते, म्हणून कमाल मर्यादा दोन ठेवायची आणि निवड सॉफ्टवेअरवर सोडायची. दोनच्या मर्यादेत संत्र्याचे पाचवे वर्ष कोणत्याच निकषाला सापडणार नाही.