प्रयोगशाळांच्या हवेतील ऊर्जेची पुनर्प्राप्ती : मुंबईपुरती पार्श्वभूमी

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था, आली तेव्हा प्रयोगशाळेतील हवा खेळती ठेवण्याचे काम उंच छते आणि मोठ्या खिडक्याच करीत. पुढे उपकरणांना स्थिर तापमान व आर्द्रता लागू लागली, खिडक्या बंद झाल्या आणि वातानुकूलन आले. मात्र रसायनांच्या वाफा मिसळलेली हवा कार्यालयातल्यासारखी फिरवून पुन्हा वापरता येत नाही. ती सगळी बाहेर टाकून तितकीच ताजी हवा आत घ्यावी लागते.

हा खर्च केवढा, हे एका फ्यूम हूडवरून, म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या, सरकत्या काचेच्या कपाटावरून कळते. दीड मीटर रुंदीचा हूड काच ४० सेंटीमीटर उघडी असताना, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, तासाला १००० घनमीटरहून अधिक हवा ओढतो. मुंबईची ३२ अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची तेवढी हवा १३ अंशांपर्यंत आणायला सुमारे पाच टनांचे वातानुकूलन लागते, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भार निव्वळ ओलाव्याचा असतो.

बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळवण्याचे तंत्र थंड देशांत वाढले. स्वीडनच्या फ्रेड्रिक युंगस्ट्रोम यांनी १९२० च्या सुमारास बॉयलरसाठी फिरत्या चक्राचा हवातापक बनवला; त्याचे चक्र बाहेर जाणाऱ्या गरम वायूंची उष्णता घेऊन आत येणाऱ्या हवेला देते. १९७३ च्या तेलसंकटानंतर इमारतींमध्येही अशा युक्त्यांना मागणी आली. मुंबईत काम उलटे असते: बाहेर जाणारी गार, कोरडी हवा वापरून आत येणारी हवा गार करायची. त्यासाठी उष्णतेबरोबर ओलावाही आत येणाऱ्या हवेतून बाहेर जाणाऱ्या हवेत नेणारे चक्र सर्वांत सोयीचे, पण त्यातून दूषित हवेचा अंश ताज्या हवेत येऊ शकतो, म्हणून फ्यूम हूडच्या बाहेर जाणाऱ्या हवेच्या मार्गावर ते सहसा बसवत नाहीत. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेत एकेक कॉइल, म्हणजे नळ्यांची जाळी, बसवून त्या दोन्हींमधून पाणी फिरवणारी जोडणी सुरक्षित, परंतु ती ओलाव्याला हात लावत नाही: आतबाहेर आठ अंशांचाच फरक असताना तिची कार्यक्षमता निम्मी धरली, तरी एकूण भाराच्या दहाव्या हिश्शाइतकीही बचत होत नाही. युरोपातल्या हिवाळ्याचे आकडे इथल्या प्रस्तावांत जसेच्या तसे उतरवणे म्हणूनच फसवे ठरते.

मुंबईत अधिक उपयोगी पडते ती हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलला वळसा घालणारी हीट पाइप, म्हणजे आतल्या द्रवाच्या वाफ होण्या-थिजण्यातून उष्णता वाहून नेणारी बंद नळी. जॉर्ज ग्रोव्हर यांनी लॉस अलामॉसला १९६३ मध्ये विकसित केलेली ही नळी आत येणारी हवा आधीच थोडी गार करते आणि तीच उष्णता कॉइलनंतरच्या अतिथंड, कोरड्या हवेला देते, त्यामुळे पावसाळ्यात हवा पुन्हा तापवणाऱ्या हीटरची वीज वाचते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पात्यांना गंजरोधक लेप मात्र सुरुवातीलाच द्यावा लागतो.