काराआगे: कुरकुरीत चिकनमागचं पाण्याचं गणित

कढईत चिकनचा तुकडा सोडल्यावर जो चर्र आवाज येतो तो तेलाचा नसतोच, पाण्याचा असतो. तेल 170 डिग्रीला तापलं तरी ते उकळत नाही, शांत पडून असतं, उकळतं ते चिकनमधलं आणि वर लावलेल्या पिठातलं पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते, मग ती मिळेल त्या फटीतून बुडबुडे होऊन बाहेर पळते आणि आपल्याला तो आवाज ऐकू येतो. जपानी काराआगे घरी करायचं असेल तर मसाल्याच्या आधी हे पाणी समजून घ्या असं मी अगदी मनापासून सांगेन, कारण कुरकुरीतपणा म्हणजे वरच्या पापुद्र्यातलं पाणी घालवायचं आणि ते परत येऊ द्यायचं नाही, एवढंच आहे सगळं.

काराआगे म्हणजे बोनलेस चिकनचे एक-दोन घासांचे तुकडे, सोया सॉस, साके (तांदळाची जपानी दारू), आलं, लसूण यात थोडा वेळ मुरवून, कोरड्या स्टार्चमध्ये किंवा मैद्यात घोळवून तळलेले. भज्यासारखं पीठ भिजवायचं नाही, अमेरिकन फ्राइड चिकनसारखं जाड कवचही नाही. जपानमध्ये हे अगदी घरगुती खाणं, मुलांच्या बेंतोच्या डब्यात जातं आणि इझाकायामध्ये, म्हणजे तिथल्या साध्या बारमध्ये, बिअरबरोबरही येतं. क्युशू बेटावर ओइता प्रांतात उसा आणि नाकात्सु अशी दोन शहरं आहेत, तिथे नुसतं काराआगे विकणारी दुकानं आहेत आणि दोन्ही शहरांना त्याचा भारी अभिमान. उत्तरेला होक्काइदोमध्ये अशाच चिकनला झांगी म्हणतात.

चिकनवाल्याला लेग बोनलेसच द्या म्हणून सांगा, शक्य असेल तर कातडीसकट. ब्रेस्टमध्ये चरबी आणि कोलॅजन (मांसाचे धागे बांधून ठेवणारं प्रोटीन) दोन्ही कमी, त्यामुळे जरा जास्त शिजलं की दोरीसारखं होतं. मांडीच्या मांसात कोलॅजन जास्त असतं आणि सत्तर डिग्रीच्या वर ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, म्हणून थोडं जास्त तळलं गेलं तरी रसरशीत लागतं. अर्धा किलोला दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साके (नसेल तर मी सरळ सोडून देते), किसलेलं आलं आणि एक-दोन लसूण पाकळ्या. सोया सॉसमध्ये साधारण 16 टक्के मीठ असतं, ते मांसातल्या प्रोटीनला थोडं सैल करतं आणि सैल झालेलं प्रोटीन शिजताना पाणी धरून ठेवतं. पण अर्धा-पाऊण तास पुरे. रात्रभर ठेवलं तर मीठ आत आत जाऊन मांस घट्ट, खारवल्यासारखं होतं, आणि ताज्या आल्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं ते बाहेरचा थर पिठूळ करून टाकतं.

आता पीठ. जपानमध्ये वापरतात ते काताकुरिको. पूर्वी हे काताकुरी नावाच्या एका रानफुलाच्या कंदापासून काढायचे, आता नाव तेच राहिलंय पण आत असतो बटाट्याचा स्टार्च. मैद्यात दहा टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, पाणी लागलं की त्याचं ग्लुटेन होतं, कवच जरा जाड, चिवट होतं आणि रंग पटकन धरतं. बटाट्याच्या स्टार्चमध्ये प्रोटीन जवळजवळ नाहीच. त्याचे कण मोठे असतात, चिकनचा ओलावा आणि तेलाची उष्णता मिळाली की साठ-पासष्ट डिग्रीलाच ते भरपूर पाणी पिऊन टम्म फुगतात आणि फुटून एकमेकांना चिकटतात, मग तळताना तेच पाणी उडून गेलं की मागे उरतो काचेसारखा पातळ ठिसूळ पापुद्रा. काचेसारखा हे मी उगाच म्हणत नाहीये, वाळलेला स्टार्च खरोखर काचेच्या अवस्थेत असतो आणि म्हणून दाताखाली वाकत नाही, तडकतो. बटाट्याचा स्टार्च मिळाला नाही तर कॉर्नफ्लोअर चालतं, आपल्याकडे त्या नावाने मिळतं तो मक्याचा स्टार्चच आहे, कण लहान असल्यामुळे कवच थोडं वेगळं लागतं इतकंच.

आणि आता खरी गोष्ट, दोनदा तळणं. पहिला घाणा 160-170 डिग्रीला, तीनेक मिनिटं. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याची दांडी तेलात बुडवा, तिच्याभोवती बारीक बुडबुडे सतत यायला लागले की तेल तयार. एका वेळी चार-पाचच तुकडे सोडा, कारण एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला 75-80 कॅलरी लागतात पण त्याची वाफ करायला तब्बल 540, ही सगळी उष्णता तेलातूनच जाते आणि कढई गच्च भरली की तेल धाडकन थंड होतं. मग तुकडे बाहेर काढून जाळीवर तीन-चार मिनिटं नुसते ठेवा. इथे घाई करायची नाही, कारण बाहेरची उष्णता अजून आत सरकत असते, मधलं मांस तिच्यावरच शिजत येतं, आणि त्याच वेळी आतलं पाणी बाहेरच्या कोरड्या कवचात येतं. हात लावून बघा, मगाशी कडक असलेला तुकडा आता मऊ पडलेला असतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हे बघून बिघडलं असं वाटलं होतं आणि तसंच वाढलं, सगळी मेहनत वाया गेली.

दुसरा घाणा 185-190 डिग्रीला, जेमतेम एक मिनिट. कवचात नव्याने आलेलं पाणी उडून जातं, आणि जोवर कवच ओलं आहे तोवर त्याचं तापमान शंभरच्या फार वर जात नाही, कोरडं झालं की झपकन चढतं आणि 140 च्या पुढे सोया सॉसमधली साखर आणि अमिनो आम्लं मिळून तो खमंग तपकिरी रंग येतो. कान देऊन ऐका, सुरुवातीचा जाडसर चरचराट हळूहळू बारीक, कोरडा, टिकटिक केल्यासारखा होत जातो आणि बुडबुडे विरळ होतात, तेव्हाच काढायचं. एक जाड तुकडा मधोमध कापून बघा, गुलाबी दिसता कामा नये, आणि मांसाचा थर्मामीटर असेल तर आत 74 डिग्री हवं.

काढल्या काढल्या तेल निथळू द्या, कारण चिकन सगळ्यात जास्त तेल पितं ते कढईतून बाहेर आल्यावर. कढईत असेपर्यंत वाफ बाहेर ढकलत असते, निवायला लागलं की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. पेपर अंथरून त्यावर ढीग लावला तर खालचे तुकडे स्वतःच्याच वाफेवर सादळतात, झाकण ठेवलं तर सगळेच, पावसाळ्यात पापड सादळतो तेच इथे पाच मिनिटांत होतं. म्हणून जाळी, आणि तुकडे सुटे सुटे.

सोबत लिंबाची फोड. जपानमध्ये चारचौघांत आलेल्या काराआगेच्या ताटलीवर कुणी न विचारता लिंबू पिळलं की लोक खरोखर नाराज होतात, आणि कवचाकडे बघितलं तर त्यांचं बरोबरच आहे. पिळायचं तर आता तोंडात जाणाऱ्या तुकड्यावरच.