बुर्साच्या कापलिजात जाण्याआधी

तुर्कस्तान सहलीसाठी नाव नोंदवलेल्या सर्वांना,

इस्तंबूलहून आपण बुर्साला जातो आणि तिथली एक सकाळ कापलिजासाठी, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या स्नानगृहासाठी राखून ठेवतो. त्याबद्दल दर सहलीआधी तेच फोन येतात आणि तिथे पोचल्यावर तीच एक गडबड होते. म्हणून हे पत्रक. बॅग भरायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

"हमाम इस्तंबूललाही आहेत, मग बुर्साला कशाला?" हमामात पाणी भट्टीवर तापवतात. कापलिजात ते जमिनीतूनच गरम येतं, आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा कोकणात तुरळ-राजवाडीला येतं तसं. बुर्सा उलुदाग डोंगराच्या उतारावर वसलंय आणि त्याच्या पायथ्याशी हे झरे आहेत. १३२६ साली शहर उस्मानी, म्हणजे ऑटोमन राजवटीकडे आलं. चौदाव्या शतकात सुलतान पहिल्या मुरादने बायझंटाइन अवशेषांवर एस्की, म्हणजे जुनी कापलिजा उभी केली. येनी, म्हणजे नवी, सुलतान सुलेमानचा वजीर रुस्तेम पाशा याने १५५२ साली बांधली. इतक्या जुन्या वास्तूंची अधूनमधून दुरुस्ती निघते, त्यामुळे आपल्या तारखांना जी खुली असेल तिथेच नेतो. दगडी घुमटाखाली, वरच्या काचांतून झिरपणाऱ्या उजेडात गरम कुंडात उतरणं हा अनुभव हॉटेलच्या स्पामध्ये मिळत नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो.

आता ती गडबड. आपली मंडळी आत गेली की थेट कुंडात उतरतात आणि बाहेरच येत नाहीत. "तिकीट काढलंय, पैसे वसूल करू या." पाणी चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम असतं. त्यात बसल्यावर अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. बसलेलं असताना काही कळत नाही, छान वाटत असतं. पायरीवर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. एका सहलीत एक काका असेच पाऊण तास कुंडात बसले. बाहेर येताच त्यांना भोवळ आली. सुदैवाने लागलं नाही, पण त्यांना बरं वाटेपर्यंत दीड तास गेला. गाडी थांबली आणि कोझा हान या १४९१ सालच्या जुन्या सराईतली रेशमाची खरेदी बाकीच्यांना पाच मिनिटांत आटपावी लागली. काकूंना वाईट वाटलं ते वेगळंच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कुर्न्यापाशी, म्हणजे संगमरवरी दगडी कुंडीपाशी बसून तांब्याने अंगावर पाणी घ्या आणि स्वच्छ व्हा. कुंडीत हात किंवा साबण बुडवू नका. मग कुंडात फार तर दहा मिनिटं. कठडा धरून सावकाश वर या, पाच मिनिटं टेका, पाणी प्या. वाटलं तर पुन्हा एकदा उतरा. त्यानंतर केसे, म्हणजे खरखरीत हातमोज्याने अंग घासणं. त्वचा तोवर मऊ झालेली असते, म्हणून मळाच्या अक्षरशः वळ्या निघतात. दिवाळीच्या उटण्याची आठवण येते, पण उटण्याआधी तेल लावतो तसं इथे अजिबात लावू नका. तेलकट अंगावर केसे घसरतं आणि कुंडाचं पाणीही खराब होतं. केसांना खोबरेल असेल तर आदल्या रात्री धुऊन टाका.

बायकांना अंग घासायला बाईच असते, तिला नातर म्हणतात. पुरुषांना तेल्लाक. दोघांचे भाग वेगळे. कमरेला गुंडाळायचं पेश्तेमाल तिथेच मिळतं आणि पुरुषांनी ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. बायकांनी पोहण्याचा पोशाख जवळ ठेवावा. लाकडी खडावा ओल्या संगमरवरावर घसरतात, जपून चाला.

जोडवी, पैंजण, चांदीची चेन हॉटेलवरच काढून या. बुर्सातल्या कुकुर्तलू या झऱ्यांच्या भागाच्या नावातच गंधक आहे, तुर्कीत कुकुर्त म्हणजे गंधक, आणि गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. घट्ट जोडवी दारात उभं राहून निघत नाहीत, आदल्या रात्री साबण लावून काढा.

"अडीच तासच का देता?" असं विचारतात. वरचा क्रम सावकाश पाळून कपडे बदलायला तेवढा वेळ पुरतो. केसेचे पैसे आम्ही सहलीच्या रकमेतच धरतो, म्हणजे दारात भाव करावा लागत नाही. बक्षिसी मात्र ज्याने अंग घासलं त्याच्या हातात तुर्की लिरांत द्या. बायकांच्या भागात आमची एक सहकारी सोबत असते. ही सोय आम्ही मुद्दाम सुरू केली आणि एकट्या येणाऱ्या बायका तिच्यासाठी पुन्हा आमच्याकडे नाव नोंदवतात.

त्या सकाळी नाश्ता हलका करा. नंतर खारट आयरान, म्हणजे आपलं ताकच, प्या. जेवायला इस्केंदेर केबाप आहे. शाकाहारी मंडळींसाठी मसुराचं सूप आणि भात आधीच सांगून ठेवतो.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही कळवा. कुंडात न उतरता थंड दालनात चहा घेत बसता येतं. पाळीच्या तारखा जुळत असतील तर आमच्या सहकारीला फोन करा. शक्य असेल तिथे कापलिजाचा दिवस पुढे-मागे करून देतो, पण त्यासाठी निघण्याच्या निदान आठ दिवस आधी कळायला हवं.