पार्श्वभूमी : एंजल्स लँडिंगची सोडत

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या झायन दरीच्या राष्ट्रीय उद्यानाला निघालेली मंडळी हल्ली एकमेकांना आधी विचारतात, ‘परमिट लागलं का?’ तिथल्या एंजल्स लँडिंग या उंच कड्याच्या शेवटच्या धारेवर जायला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागते आणि ते सोडतीत मिळते. नियम अचानक लादला, अशी तक्रार अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात निदान वीस वर्षे साचत आलेल्या गर्दीचा तो परिणाम आहे.

जुना इतिहास थोडक्यात. पाय्यूट या मूळनिवासी लोकांच्या या दरीला १९०९ साली संरक्षण मिळाले तेव्हा तिचे सरकारी नाव मुकुंटुवीप होते. १९१८ मध्ये ते काढून मॉर्मन या धर्मपंथाच्या वसाहतकऱ्यांच्या तोंडचे ‘झायन’ लावले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पाहुण्यांच्या जिभेला मूळ नाव जड जाईल, हे त्यामागचे एक कारण. मला ते कधीच पटलेले नाही. कड्याचे नाव १९१६ चे. इथे फक्त देवदूतच उतरू शकतील, असे एका धर्मोपदेशकाला वाटले होते. त्यानंतर दहाच वर्षांत माणसांसाठी वाट खोदून झाली.

धार जिथे सुरू होते त्या स्काउट लुकआउटपर्यंतची चढण दमवणारी आहे, पण घाबरवणारी नाही. शेवटी एकावर एक रचल्यासारखी एकवीस वळणे येतात. खरी अडचण त्यापुढच्या अर्ध्या मैलात आहे. धार अरुंद होत जाते, काही ठिकाणी दोन्ही अंगांना सरळ दरी दिसते आणि आधाराला कातळात रोवलेल्या खांबांची एकच साखळी असते. चढणारा तीच धरतो, उतरणाराही तीच. समोरून कोणी आले की दोघांपैकी एकाला साखळी सोडून बाजूला व्हावे लागते. लाल वालुकाश्म कोरडा असताना पकड उत्तम देतो, पण बुटांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर मोकळी वाळू बसली की पाय सरकतो. अशा जागी रांग लागली की उंचीची भीती असलेला माणूस मधेच खिळतो, आणि मागच्या-पुढच्या सगळ्यांना तिथेच ताटकळावे लागते. या वाटेवरून पडून माणसे मेलेली आहेत.

ही रांग आली कुठून? २००० साली मोसमात दरीत खासगी गाड्या बंद करून शटल बस सुरू झाली. तो निर्णय चांगलाच होता. गाड्यांच्या रांगा गेल्या, नदीचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. मात्र पूर्वी पार्किंग भरले की गर्दीला आपोआप आळा बसायचा, तो उरला नाही. बस भरभरून माणसे थेट ग्रोटोच्या थांब्यावर, म्हणजे वाटेच्या तोंडाशीच, उतरू लागली. २०१३ मध्ये युटा राज्याने आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची जोरदार जाहिरात केली. २०१० च्या सुमारास वर्षाला २७ लाखांच्या आसपास भेटी होत, २०१६ मध्ये ४३ लाख आणि २०२१ मध्ये ५० लाखांवर.

एक कारण सहसा कोणी मोजत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मोठी दरड कोसळली आणि दरीतून ऑब्झर्वेशन पॉइंटला जाणारी वाट बंद झाली. तो पॉइंट एंजल्स लँडिंगहून कितीतरी उंच आहे, तिथून हा कडा पायाशी दिसतो. दमदार चढाई हवी असणाऱ्यांची ती दुसरी हक्काची जागा होती. पूर्वेच्या पठारावरून आजही तिथे पोहोचता येते, पण शटलने आलेल्याला ती वाट सोयीची नाही. दरीतल्या दोन मोठ्या चढाईंपैकी एक गेल्यावर सगळा भार दुसरीवर पडणारच होता.

आता वादाचा मुद्दा. विरोधक म्हणतात, सार्वजनिक डोंगरावर जायला नशीब कशाला लागावे? अर्जाचे सहा डॉलर नाव न निघाले तरी परत मिळत नाहीत. निघाले तर माणशी तीन डॉलर वेगळे. पैशांची तक्रार रास्त आहे, आणि उत्तर देणारे ती फार हलक्यात घेतात. ‘परमिटने सुरक्षितता कशी वाढते, कौशल्य तर कोणी तपासत नाही’ हा दुसरा आक्षेप. तोही खरा आहे, पण मला तो गैरलागू वाटतो. परमिटने कोणाचे पाय घट्ट होत नाहीत. एका साखळीवर एका वेळी किती हात असतील, एवढेच त्याने ठरते, आणि त्या धारेवर धोका नेमका तिथेच आहे. वाट कायमची बंद करणे किंवा धारेवर कठडे ठोकणे, दोन्ही याहून वाईट झाले असते.

सोडतीनंतरही उद्यानातल्या भेटी वर्षाला ४५ लाखांच्या वरच राहिल्या आहेत. म्हणजे गर्दी आटली नाही, फक्त धारेवरून हटली. त्यातली बरीच आता नॅरोजच्या, म्हणजे नदीतूनच चालत जायच्या अरुंद घळीच्या, पाण्यात दिसते. खालून वर दिवसभराचे चालायला तिथे परमिट लागत नाही, पण वर कुठे पाऊस पडला की नदी लाल होऊन लोंढ्याने येते.

बरीच आधी निघणारी मोसमी सोडत हुकली तर आदल्या दिवशीची असते. अर्ज दुपारी तीनला बंद, निकाल चारला. निकाल लागताच परमिट फोनमध्ये उतरवून घ्यावे किंवा छापून ठेवावे. स्काउट लुकआउटवर रेंजर ते बघायला मागतो आणि दरीत नेटवर्कचा भरवसा नसतो.