दुसरा भाग की नवा गळा?

जादूच्या दाईची गोष्ट सांगणारा डिस्नेचा गाण्यांचा सिनेमा ‘मेरी पॉपिन्स’ १९६४ साली आला आणि त्याचा पुढचा भाग २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ५४ वर्षांनी. डिस्नेचाच ‘एन्चांटेड’ २००७चा, त्याचा दुसरा भाग २०२२चा. आपल्याकडे सचिन पिळगांवकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एस.टी.नं गणपतीपुळ्याला निघाला होता. २०२४ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागानं कोकण रेल्वे धरली. एवढ्या वर्षांत पहिला भाग बघणारं मूल मोठं होतं, कमावतं होतं आणि आपल्या पोरांना घेऊन थिएटरात येतं. निर्माते या आईबापांचीच वाट बघत असतात.

‘मेरी पॉपिन्स’च्या उशिराला आणखी एक कारण होतं: लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स. त्यांचं पहिलं पुस्तक १९३४चं. हक्क मिळवायला वॉल्ट डिस्नेंना कित्येक वर्षं त्यांची मनधरणी करावी लागली. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, मेरी झालेली ज्यूली अँड्र्यूज घरोघरी पोचली. पण त्यातली कार्टूनं ट्रॅव्हर्सबाईंना अजिबात रुचली नाहीत. १९९६ मध्ये त्या वारल्या, आणि त्यांच्या हयातीत पुढच्या भागाला मुहूर्त लागलाच नाही. २०१८च्या चित्रपटात पहिल्या भागातला छोटा मायकेल तीन मुलांचा बाप झालाय, बायको गेलीय आणि कर्जापायी राहतं घर हातचं जायची वेळ आलीय. पहिल्या भागातला नट डिक व्हॅन डाइक नव्वदी ओलांडून पुन्हा येतो आणि चक्क टेबलावर चढून नाचतो. तो प्रसंग बघताना आजही माझे डोळे भरतात.

गाणी मात्र सगळी नवी. जुन्या चाली फक्त पार्श्वसंगीतात डोकावतात. इथंच खरी अडचण आहे. लहानपणच्या गाण्यांच्या सिनेमातली गोष्ट आपण निम्मी विसरतो, चाल विसरत नाही. गोष्ट पुढं नेता येते. चाल पुन्हा गावीच लागते.

मधल्या काळात व्हिडिओ कॅसेटनं या धंद्याला वेगळीच वाट दाखवली. ‘अल्लादिन’चा (१९९२) पुढचा भाग डिस्नेनं १९९४ मध्ये थेट कॅसेटवर आणला. त्यात जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजसुद्धा नव्हता. तरी कॅसेट धडाक्यात खपली आणि मग अशा भागांची रांगच लागली. त्यातले बरेचसे विसरण्याजोगेच आहेत.

बडोद्याच्या मराठी घरांत जुन्या गाण्यांची ओढ भागवायची रीत निराळी. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. भास्करबुवा बखले इथंच फैजमहंमदखाँसाहेबांकडे शिकले आणि पुढं त्यांनी ‘स्वयंवर’ला (१९१६) चाली दिल्या. बालगंधर्वांच्या मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता. ‘सौभद्र’ १८८२चं, ‘मानापमान’ १९११चं. या नाटकांचे दुसरे भाग निघावेत असं आमच्या घरांत कधी कुणाला वाटलं नाही. नव्या गळ्यातून तीच पदं ऐकायची असायची. आजही दांडिया बाजाराच्या आसपास गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की पुढच्या खुर्च्यांवरच्या आजी मांडीवर बोटांनी ताल धरतात. गाणाऱ्या मुलीनं एखादी जागा वेगळी घेतली की बोट अडतं, आणि जागा जमली की मान डोलते. मुलगी अकरावीतली असेल, पद शंभरी ओलांडलेलं.

हिंदीतही हे झालंय. हॉलिवूडचा गाण्यांचा सिनेमा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) बऱ्याच घरांत पाठ असतो. गुलजारांनी १९७२ मध्ये ‘परिचय’ करताना त्याचा धागा घेतला, पण घर आपलं, मुलं आपली आणि सरगम राहुलदेव बर्मन यांची.

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तोड ‘कट्यार काळजात घुसली’नं काढली. १९६७च्या नाटकाला जितेंद्र अभिषेकींचं संगीत होतं आणि त्यातल्या गवई खाँसाहेबांच्या भूमिकेत होते वसंतराव देशपांडे. २०१५च्या चित्रपटाआधीच वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे तीच भूमिका रंगमंचावर गात होते. चित्रपटात अभिषेकींची पदं राहिली आणि शंकर-एहसान-लॉय यांनी त्यांच्या शेजारी नवी गाणी बसवली. त्यातल्याच ‘अरुणि किरणी’साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि महेश काळे हे अभिषेकीबुवांचेच शिष्य.